सागरची गाडी

आमच्या घरात स्वतःसाठी कुणी काही मागत नसे. ही काही थोरवी म्हणून सांगत नाही. तो घरचा नियम होता, आणि नियम बाबांनी केलेला होता. बाबा तेलघाणीच्या केंद्रावर कामाला होते. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणारा रस्ता दोन जुन्या चिंचांखालून जिथे वळतो, तिथे हे केंद्र होतं. पुढे दोन घाण्या, बाजूला बैलांचा कोठा, पेंड साठवायची खोली आणि मागे आम्हा कार्यकर्त्यांची कुडाच्या भिंतींची, कवेलूंच्या छपरांची घरं. पहाटे घाणी सुरू झाली की तिची करकर दिवसभर चाले. ती इतकी अंगवळणी पडली होती की दुपारी बैल सोडले की आम्ही दचकत असू. आमच्या कपड्यांना, केसांना, पाठ्यपुस्तकांना जवसाच्या तेलाचा वास यायचा. शाळेत मुली मला ‘पेंड’ म्हणत आणि मला त्याचा रागही येत नसे, कारण ते खरंच होतं. जेवणात ज्वारीची भाकर, आंबाडीची किंवा चवळाईची भाजी, वरण, आणि वर घाणीवरून वाटीतून आणलेलं कोमट तेल. बाबा तिखट खात नसत, म्हणून भाजी पांढरीफटक व्हायची. माय मात्र चुलीमागे एका मातीच्या बोळक्यात हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवी. तो तिथे आहे हे बाबांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मायला ठाऊक होतं. त्या घरातलं तेवढं एकच गुपित.

नियम असा होता. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी सूत कातायला तकल्या घेऊन गोल बसायचं आणि घरातला जो काही प्रश्न असेल तो मांडायचा. बाबा याला घरसभा म्हणत. घरसभेत कुणी स्वतःचं सांगायचं नाही. आपल्या उजव्या हाताला जो बसला असेल त्याला काय हवं, ते आपण सांगायचं. बाबांच्या उजवीकडे माय, मायच्या उजवीकडे माझा थोरला भाऊ वसंता, म्हणजे दादा, दादाच्या उजवीकडे मी, आणि माझ्या उजवीकडे पुन्हा बाबा. म्हणजे बाबांनी मायचं सांगायचं, मायनं दादाचं, दादानं माझं आणि मी बाबांचं. सगळ्यांचं एकमत झालं की ठरलं, नाही झालं तर उद्या. बाबांचं म्हणणं असं, “आपल्या पोटाचं गाऱ्हानं त कोनीबी सांगते. दुसऱ्याच्या पोटाचं सांगाले शिकलं पायजे.” आज कुणाला हे सांगितलं तर तो हसेल. पण सांगते, आंबे वाटून घ्यायला, दिवाळीचं कापड ठरवायला, पाहुणा आला तर कुणी कुठे निजायचं हे ठरवायला यासारखी सोयीची पद्धत मी पुढे पाहिली नाही. भांडण म्हणून काही होतच नसे.

वडनेरची आत्या आली की तेवढी पंचाईत व्हायची. ती बाबांची थोरली बहीण, शेतीवाडीतली, तोंडानं फटकळ. तिला एकदा गोलात बसवलं आणि बाबा कौतुकानं म्हणाले, “आक्का, तू कुसमीचं सांग.” कुसमी म्हणजे मी. आत्या म्हणाली, “कुसमीले तोंड नाई काय? माह्यं मी सांगतो, माह्ये पाय दुखून राह्यले, मले झोपाले जागा द्या.” आणि उठून गेली. दादा इतका हसला की त्याची तकली हातातून सुटली.

दादाचं असंच होतं. घरसभेत तो एकटा ‘नाही’ म्हणायचा. तशी मुभा सगळ्यांनाच होती. तुमच्याबद्दल कुणी चुकीचं सांगितलं तर तुम्ही ‘नाही’ म्हणू शकत होता. पण आम्ही कुणी कधी म्हटलं नाही, कारण समोरच्यानं आपल्यासाठी विचार करून सांगितलेलं खोडायचं कसं? दादाला असला संकोच नव्हता. माय प्रेमानं सांगे, “वसंताले नवा सदरा पायजे.” की हा, “नाई पायजे. तुले कोनं सांगतलं? माह्या सदरा धड हाये. कुसमीच्या परकराले दोन ठिगळं हायेत, थे पाहा.” मला नवा परकर हवाय हे मला स्वतःला तेव्हा कळायचं. बाबा वरवर कपाळाला आठ्या घालत, पण मला वाटतं त्यांनाही ते आवडत असावं. आमचा तो सगळा सोज्वळ कारभार या एका माणसाच्या नकारावर चालला होता, हे आम्हाला पुष्कळ उशिरा समजलं.

दादा इंटर झाला तेव्हा त्याच्या मनात सागर होतं. त्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे खोडे सर वर्ध्याची नोकरी सोडून सागरच्या विद्यापीठात गेले होते आणि आपल्या आवडत्या विद्यार्थ्यानं तिकडे यावं असं त्यांना वाटत होतं. तेव्हा नागपूर राजधानी होती आणि सागर आपल्याच प्रांतात होतं, त्यामुळे आजच्यासारखं ते परमुलखात वाटत नसे. लांब मात्र होतंच. घरसभेत मायनं सांगितलं, “त्याले सागरले जाचं हाये.” आणि दादा त्या दिवशी पहिल्यांदा ‘नाही’ म्हणाला नाही. “हो, हे बराबर हाये,” म्हणाला. माय दोन दिवस आपल्या हुशारीवर खूश होती.

त्याच उन्हाळ्यात तो गेला. विषमज्वर होता. सुरुवातीला बाबांनी पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांचा त्यावर विश्वास होता आणि आम्हा सगळ्यांचा बाबांवर. मग दवाखान्यात नेलं, पण तोवर फार उशीर झाला होता. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. आठवतं ते एवढंच की आजूबाजूच्या घरांतल्या बाया पदर सावरत, रडायच्या तयारीनं आमच्या दारात आल्या, आणि बाबांनी हात जोडून सांगितलं, “रडू नका. प्रार्थना म्हना.” त्यांनी प्रार्थना म्हटली. माय भिंतीला टेकून त्यांच्याबरोबर म्हणत होती, एकही शब्द न चुकवता. बाया चुकल्यासारख्या परत गेल्या.

त्यानंतरचं वर्ष मला सपाट आठवतं. काही घडलं नाही असं नाही. मी इंटरच्या वर्गात होते, रोज पायी वर्ध्याला जात होते, अभ्यास करत होते. दादाची अर्थशास्त्राची पुस्तकं घरात होती म्हणून मी तो विषय घेतला होता आणि तो मला मनापासून आवडत होता, हेही खरं. पण सगळं एखाद्या जाड काचेपलीकडे चाललं होतं. बसून बसून पायाला मुंग्या येतात ना, मग चिमटा काढला तरी आपलाच पाय आहे हे डोळ्यांनी बघूनच पटतं, तशी मी होते. बाबा घाणीवर जात, घरी येत. माय भाकरी थापी, पाणी भरी, शेण काढी. मी कॉलेजातून आले की चुलीपुढून न वळता “आली?” म्हणे. दिवसभरात ती बोले ते एवढंच असावं असा मला संशय होता. चुलीमागचं ठेच्याचं बोळकं रिकामं पडलं होतं. घरसभा काही दिवस बंद होती, मग बाबांनी पुन्हा सुरू केली. आता मायच्या उजवीकडे मी. म्हणजे आता मायनं माझं सांगायचं. मधली जागा तेवढी आम्ही मोकळी ठेवत होतो, कुणी ठरवून नाही. माझ्याबद्दल माय दरवेळी म्हणे, “तिले काई नाई पायजे.” ते खोटंही नव्हतं.

इंटरचा निकाल लागला. मी चांगली पास झाले. खोडे सरांनी सागरहून कळवलं की कुसुमला इकडे पाठवा, ती आमच्या घरी राहील, माझी बायको तिला मुलीसारखं बघेल. नागपूरलाही प्रवेश मिळत होता, तिथे मुलींचं वसतिगृह होतं आणि माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिकडेच चालली होती. दोन्हीकडे अर्थशास्त्राची पदवी. एकीकडे आमच्यावर जीव असलेले सर, दुसरीकडे शनिवारच्या गाडीनं घरी येता येईल एवढं जवळचं गाव.

आयुष्यभर मी मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहावं लागतं की माणसाला आपली पसंती ठाऊक असते असं आपण गृहीत धरू. मग एखादा चुणचुणीत मुलगा हात वर करून विचारतो, नसेल ठाऊक तर? मी त्याला सांगायचं ते सांगत असे, पण मनात म्हणायची, ठाऊक असते रे बाबा. ठाऊक असून सांगायची सोय नसेल तर काय होतं, ते तुझ्या पुस्तकात नाही. मला नागपूर हवं होतं. गणिताचं उत्तर माहीत असावं तसं मला ते माहीत होतं, त्यात आनंद वगैरे नव्हता. मी गेले तर संध्याकाळी मायला “आली?” म्हणायलाही कुणी राहणार नाही, हे मला दिसत होतं. दर शनिवारी मी आले तर आठवड्यातून एकदा तरी ती ते म्हणेल. आणि दुसरं कारण म्हणजे, मला दादा व्हायचं नव्हतं. त्याच्या सरांकडे, त्याच्या गावात, त्याच्यासाठी राखलेल्या खोलीत जाऊन त्याचं अर्थशास्त्र शिकायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाली. आत्या पेरणीमुळे वडनेरलाच होती, म्हणजे आम्ही तिघंच. बाबांनी कंदिलाची वात थोडी खाली केली आणि म्हणाले, “कुसुमले आता कुठं धाडाचं, नागपूरले का सागरले, थे ठरवू.” मग तकलीवरचं सूत गुंडाळत त्यांनी मायचं सांगितलं. “कुसमीच्या मायले वाटते, पोरीनं सागरले जावं. वसंताचं राह्यलं थे पुरं व्हईन.”

मी मायकडे पाहिलं. तिचा हात थांबला नव्हता. “हो,” ती म्हणाली.

मग तिची वेळ आली. तिनं माझं सांगायचं होतं. ती नुसता धागा ओढत राहिली. मग म्हणाली, “तिले सागरले जाचं हाये.” वर्षापूर्वी दादाचं सांगताना तिचा जो आवाज होता, अगदी तोच. तेच शब्द, ‘त्याले’च्या जागी ‘तिले’. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मला कळलं की ती माझं सांगतच नाहीये. अजून त्याचंच सांगत होती. अशा माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं? मी “हो” म्हणाले.

राहिले बाबा. त्यांचं मी सांगायचं होतं. मायचं आणि माझं, दोघींचंही सागर ठरलेलं असताना मी एकटीनं बाबांच्या तोंडी नागपूर घालणं हा माझाच स्वार्थ झाला असता. मी म्हणाले, “बाबाले वाटते मी सागरले जावं. खोडे सरांपाशी चांगलं शिकाले भेटन.” बाबांनी मान हलवली. “हो.”

“एकमत झालं,” बाबा म्हणाले. आणि आम्ही जेवायला बसलो. वरण-भात होता. मला वाईट वाटलं नाही, हायसंही वाटलं नाही. भात गरम आहे एवढं कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी मायनं दशम्या केल्या. दुधात कणीक मळून, गुळाचं पाणी घालून, एकेक अशी मंद आचेवर भाजलेली की आठवडाभर खराब होऊ नये. जवसाची चटणी कुटली. उखळाचा आवाज दुपारभर येत होता आणि मी ट्रंकेत कपडे भरत होते. तिनं मला काही सांगितलं नाही, ‘नीट राह्यजो’ एवढंही नाही. निघताना दही हातावर ठेवलं आणि कोठ्याकडे गेली, बैलाला पाणी पाजायचं राहिलंय म्हणून. पाणी बाबांनी मघाशीच पाजलं होतं.

सागरला जायचं म्हणजे तेव्हा मोठी यातायात होती. वर्ध्याहून नागपूर, तिथे गाडी बदलून इटारसी, पुढे बीना, तिथे पुन्हा बदलून सागर. बाबा मला पोचवायला निघाले होते. सिंदीला गाडी थांबली तेव्हा जिनिंगच्या चाळीतून कापसाचा एक पुंजका उडत येऊन खिडकीच्या गजाला चिकटला, बाबांनी तो काढून बोटांनी ताणून पाहिला. धागा आखूड होता, त्यांनी तो टाकून दिला. नागपूरला आम्ही फलाटावर ट्रंकेवर बसलो होतो, दुसरी गाडी यायची होती. फलाटाबाहेर टांगे उभे होते. त्यातला कुठलाही एक आम्हाला वसतिगृहावर घेऊन गेला असता. मी टांग्यांकडे बघत होते, बाबाही तिकडेच बघत होते. इटारसीची पॅसेंजर लागली आणि आम्ही चढलो.

समोरच्या बाकावर बैतुलकडची एक म्हातारी होती, मांडीवर गाठोडं, पायाशी एक कोंबडी बांधून ठेवलेली. गाडी सुटल्यावर थोड्या वेळानं तिनं गाठोड्यातून फुटाणे काढले, मला दिले आणि विचारलं, “कहाँ जा रही हो, बिटिया?”

माझ्याऐवजी बाबा बोलले, “सागर. वहाँ पढ़ेगी.”

म्हातारीनं बाबांकडे बघितलंही नाही. “मैं इससे पूछ रही हूँ,” म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, “इतनी दूर. जाने का मन है तेरा?”

“नहीं,” मी म्हणाले.

ते तोंडातून कसं निघालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मराठीत ते निघालं नसतं एवढं नक्की. मराठीत विचारणारी माणसं माझी होती, त्यांचं मन राखायचं होतं. ही बाई माझी कुणी नव्हती. तिनं मान डोलावली आणि फुटाणे चावू लागली, तिचं तेवढ्यात समाधान झालं होतं. मी बाबांकडे पाहिलं नाही. बाहेर काळी, नांगरून ठेवलेली रानं मागे जात होती. कोंबडी मधूनच पंख आपटत होती. मला वाटलं बाबांनी ऐकलं नसावं, चाकांचा आवाज फार होता.

काटोल आलं. गाडी थांबता थांबता बाबा उठले, वाकून बाकाखालची ट्रंक ओढली आणि म्हणाले, “उतर.”

काटोलचा फलाट दुपारच्या उन्हात मोकळा पडलेला होता. गाडी निघून गेली. म्हातारीनं खिडकीतून हात हलवला, आम्ही चुकून उतरलो असं वाटून ती काहीतरी ओरडतही होती. परतीची पॅसेंजर संध्याकाळी होती. एका कडुलिंबाच्या सावलीत ट्रंक ठेवून आम्ही बसलो. मग बाबांनी विचारलं, “घरसभेत काऊन नाई बोलली?”

“तिथं माह्यं मी सांगाचं नसते, बाबा.”

“नाई म्हनाची त मुभा हाये.”

“हाये. पन मायनं सांगतलं व्हतं. तिचं कसं खोडू?”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मले त वाटे का नागपूर बरं,” ते म्हणाले. “दर आठ दिवसाले घरी आली असती.”

“मंग मी सागर म्हनलं तवा तुमी हो काऊन म्हनले?”

“तुह्या मायले सागर पायजे म्हून.”

“मायनं सांगतलं व्हतं तसं?”

एक हमाल पाण्याची बादली घेऊन समोरून गेला, तो पार पुढे जाईपर्यंत बाबा त्याच्याकडे बघत होते. “नाई,” ते म्हणाले. “तिनं काई नाई सांगतलं. वर्षभरात तिनं मले काईच नाई सांगतलं. मीच समजलो.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “वसंताच्या वक्ताले बी मी समजलोच व्हतो. मातीच्या पट्टीनं ताप उतरन म्हून. त्यानं तवा सांगतलं व्हतं मले, बाबा, दवाखान्यात न्या. त्यानं सांगतलं व्हतं.”

हे ते पूर्वी कधी बोलले नव्हते आणि नंतरही कधी बोलले नाहीत. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चांगली मुलगी म्हणाली असती, तुमचा काय दोष. पण मला ते तेव्हा वाटत नव्हतं, आणि दोष आहे असंही वाटत नव्हतं. ऊन आहे, सावली सरकते आहे, ट्रंक थोडी आत घ्यायला हवी, एवढंच मला वाटत होतं. मी ट्रंक आत घेतली. मग शिदोरी सोडली आणि एक दशमी त्यांच्या हातावर ठेवली, वर चटणी. चटणी जाळ होती. मायनं माझ्यासाठी म्हणून केलेली, त्यात मिरची भरपूर घातलेली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी ती पुरी खाल्ली आणि दुसऱ्या दशमीसाठी हात पुढे केला. आम्ही आठवडाभराची शिदोरी निम्मी संपवली. एवढं मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते.

हात धुऊन आल्यावर बाबा म्हणाले, “आता मी कोनाचं काई सांगाचा नाई. तुह्यं तू सांग.”

“नागपूर,” मी म्हणाले.

“बरं. नागपूरचे दाखले अजून बंद झाले नाईत. पन आधी घरी जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर्ध्याला उतरलो. स्टेशनावर केंद्राची पेंड घेऊन आलेली बैलांची दमणी भेटली, तिच्यात ट्रंक टाकली आणि आम्ही मागून चालत निघालो. बाबा सगळ्या रस्त्यात एकदाच बोलले, “तुही माय काय म्हनते का माईत.” त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि मला तर त्याहून नव्हतं. मायला सागरच हवं असेल तर? मुलाच्या जागी मुलगी तिकडे शिकते आहे एवढ्यावर ती दिवस काढणार असेल तर? तसं असतं तर मी दुपारच्या गाडीनं पुन्हा निघाले असते. हे मी आज मोठेपणा घेऊन म्हणत नाही. चालताना मी मनात तेच ठरवत होते, आणि ठरवताना मला पुन्हा काही वाटेनासं झालं होतं.

माय ओसरीवर तूर पाखडत बसली होती. दमणीच्या आवाजानं तिनं वर बघितलं. आधी तिला ट्रंक दिसली, मग बाबा, मग मी. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं, एक दाणा न सांडता. उठून उभी राहिली आणि बाबांना विचारलं, “काय झालं?”

“तिले जाचं नव्हतं,” बाबा म्हणाले. मग थांबून म्हणाले, “तुह्यं मी इचारलंच नाई. तुले काय पायजे व्हतं?”

माय माझ्याकडे बघत होती. यावेळी माझ्याकडेच. “मले नव्हतं धाडाचं,” ती म्हणाली. “मले नव्हतं धाडाचं हिले. माह्यं एक गेलं, मी हिले काऊन धाडू?” आणि ती खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. तसं रडणं मी तोवर आमच्या घरात ऐकलं नव्हतं. “वसंता रे, माह्या वसंता,” असं म्हणत ती जमिनीवर हात आपटत होती आणि दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी पिचून रुतली. मला दुखलं. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी दुखलं आणि मग मीही तिच्या गळ्यात पडले.

घाणी थांबली. मागच्या घरांतून बाया धावत आल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाचं पोर काखेत. एका घरात वर्षात दुसऱ्यांदा हे काय, अशी त्यांची तोंडं झाली होती. “कोन गेलं वं, कोन गेलं?” विचारत त्या अंगणात गर्दी करत होत्या. बाबा ओसरीच्या पायरीवर उभे होते. यावेळी त्यांनी कुणाला रडू नका म्हटलं नाही. “कोनी गेलं नाई,” ते सांगत होते. “पोरगी घरी आली.” मागून येणाऱ्या प्रत्येक बाईला ते तेच सांगत राहिले.